फॅन कंट्रोल समजून घ्यायचाय? मग आधी जेम्स वॅटला भेटा

मागच्या मे महिन्यात आमच्या पुलगावच्या घरी, वरच्या खोलीत, माझा डेस्कटॉप रोज दुपारी तीनच्या सुमाराला आपोआप बंद पडायला लागला. बाहेर विदर्भाचं ऊन आणि आत माझं ऑफिसचं काम. चूक माझीच होती. हिवाळ्यात आवाज नको म्हणून मीच फॅन एका हळू, ठरलेल्या वेगावर बांधून ठेवला होता. डिसेंबरात ते चाललं, मे महिन्यात प्रोसेसर तापून आधी मंद व्हायचा आणि मग मशीन बंद.

मग मी कुठूनतरी एक तयार सेटिंग उचलली: ५५ अंशांना फॅन बंद, ६० अंशांना पूर्ण वेग. आता मशीन बंद पडेना, पण फॅन एकदा किंचाळायचा, दहा सेकंदांनी गप्प, परत किंचाळायचा. शेजारच्या खोलीत दुपारी आडवे झालेले बाबा दोन दिवसांत वैतागले.

त्या वेळी प्रोसेसरच्या खोक्यावर लक्ष गेलं. लिहिलं होतं, ६५ वॅट. ज्याच्या नावावरून हे एकक आलं, त्या माणसाने हाच प्रश्न दोन लोखंडी गोळ्यांनी सोडवला होता, तोही १७८८ मध्ये. म्हणून आज फॅनच्या आधी त्याची गोष्ट.

ग्रीनॉकचा मुलगा

जेम्स वॅटचा जन्म जानेवारी १७३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांशी संबंधित कामं आणि व्यापार करायचे. शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेली किटलीची गोष्ट विसरा. वाफेचं इंजिन वॅटच्या जन्माआधीच होतं. थॉमस न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणींतलं पाणी उपसत होतं.

वॅट मुळात उपकरणं बनवणारा कारागीर. लंडनला जेमतेम वर्षभर काम शिकून तो ग्लासगोला आला. पूर्ण मुदतीची उमेदवारी केलेली नसल्यामुळे शहरात दुकान टाकणं अवघड होतं. शेवटी ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली. साल १७५७, वय २१.

दुरुस्तीला आलेलं मॉडेल

१७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठाचं न्यूकोमेन इंजिनचं एक छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं, पण चार-दोन ठोके मारून थांबायचं. कुणी दुसरा असता तर मॉडेलच खराब म्हणून परत केलं असतं. वॅट मोजमाप करत बसला.

कारण असं होतं. त्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच थंड पाणी फवारून ती वाफ गार करायची. आत पोकळी झाली की बाहेरची हवा दट्ट्या खाली ढकलायची. म्हणजे प्रत्येक ठोक्याला सिलिंडर तापवायचा आणि प्रत्येक ठोक्याला तोच गार करायचा. बरीचशी वाफ नुसती धातू तापवण्यातच जायची. वाफेत किती उष्णता दडलेली असते हे त्याला मित्र जोसेफ ब्लॅककडून कळलं.

मे १७६५ मधल्या एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्याला तोडगा सुचला: वाफ सिलिंडरमध्ये गार करूच नका, शेजारच्या वेगळ्या भांड्यात नेऊन गार करा. सिलिंडर कायम गरम, ते भांडं कायम थंड.

सुचलं एका दिवसात, उभं राहायला अकरा वर्षं

पुढचा भाग माझ्यासारख्या नोकरदार इंजिनिअरने नीट वाचावा असा आहे. कल्पना हातात होती, पैसे नव्हते. जॉन रोबक नावाचा उद्योजक भागीदार झाला, १७६९ मध्ये पेटंट मिळालं, पण सिलिंडर पुरेसा गोल कापता येईना, वाफ गळत राहायची. घर चालवायला वॅट कालव्यांची मोजणी करत रानोमाळ हिंडायचा. रोबकचं दिवाळं निघालं. १७७३ मध्ये वॅट असाच मोजणीच्या कामावर असताना घरी त्याची बायको मार्गारेट बाळंतपणात गेली.

त्याला डोकेदुखीचा जुना त्रास होता आणि स्वभाव काळजी करणारा. धंद्यातल्या घासाघिशीची तर त्याला मनापासून भीती वाटायची. इथे बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन आला नसता, तर वॅटचं नाव कदाचित आपल्याला माहीतच नसतं. बोल्टनने रोबकचा हिस्सा घेतला आणि १७७४ मध्ये वॅट बर्मिंगहॅमला आला. १७७५ मध्ये संसदेने पेटंट १८०० पर्यंत वाढवून दिलं. जॉन विल्किन्सनच्या तोफा कोरायच्या तंत्राने नीट गोल सिलिंडर मिळाला आणि १७७६ मध्ये पहिली इंजिनं प्रत्यक्ष कामाला लागली.

त्यांचा हिशोबही भारी होता. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला द्या. म्हणजे ते वाचलेली उष्णता विकत होते!

दोन गोळे

खाणीतलं पाणी उपसताना वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चालतं. पण इंजिनाने चाकं फिरवायला सुरुवात केली आणि अडचण आली. गिरणीत एक यंत्र बंद केलं की भार कमी, की इंजिन सुसाट. चार यंत्रं एकदम जोडली की मंद. वाफेच्या झडपेजवळ सतत माणूस उभा ठेवायचा का?

लंडनच्या ॲल्बियन मिल्स या पिठाच्या गिरणीत बोल्टनला एक युक्ती दिसली. पवनचक्कीवाले जात्याच्या दगडांमधलं अंतर सांभाळायला फिरते गोळे वापरायचे. त्याने १७८८ मध्ये ते वॅटला कळवलं आणि वॅटने त्याच वर्षी ती युक्ती इंजिनाला लावली. रचना सोपी आहे. उभ्या दांड्याला दोन बाजूंना दोन गोळे, आणि दांडा इंजिनावरच फिरतो. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप आवळतो. वेग कमी झाला की गोळे खाली येतात, झडप उघडते. यालाच गव्हर्नर म्हणतात.

गंमत म्हणजे पेटंटांसाठी कोर्टकचेऱ्या करणाऱ्या वॅटने गव्हर्नरचं पेटंट घेतलंच नाही. कल्पना मुळात त्याची नव्हती. तापमानावर चालणारा नियंत्रक तर त्याच्याही आधीचा. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने सतराव्या शतकातच अंडी उबवायच्या पेटीसाठी तो केला होता. वॅटने केलं ते इतकंच, की ही गोष्ट कामाच्या यंत्राला बसवली आणि विश्वासाने चालेल अशी केली.

आता आपला फॅन

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स बसवून आधी सेन्सर शोधायचे, मग पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवून कोणता फॅन कुठल्या पिनवर आहे ते ठरवायचं आणि फॅनकंट्रोल सुरू करायचं. त्याच्या फाइलमध्ये किमान तापमान आणि कमाल तापमान असे दोन आकडे असतात. त्या दोघांच्या मधे फॅनचा वेग सरळ रेषेत वाढतो. जितकी चूक, तितकी दुरुस्ती. हा वॅटचा गव्हर्नरच आहे, फक्त गोळ्यांच्या जागी सेन्सर आणि झडपेच्या जागी ० ते २५५ हा आकडा.

मग माझा फॅन किंचाळत-थांबत का होता? कारण ५५ ते ६० या पाच अंशांत मी बंदपासून पूर्ण वेगापर्यंत उडी मारायला लावली होती. जरा तापला की पूर्ण दम, जरा निवला की बंद. वॅटनंतरच्या काळात गव्हर्नरवाली इंजिनंही अशीच हेलकावे खायला लागली होती. ते का होतं याचं गणित जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. म्हणजे यंत्र आधी ऐंशी वर्षं चाललं, समज नंतर आली.

मी पट्टा रुंद केला: ५० ते ७५. फॅन आता हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. तुम्ही करताना या तीन गोष्टी पाहा.

पहिली, फॅन खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर गार करू शकत नाही. थंड गावातल्या माणसाचे आकडे आपल्याकडे चालत नाहीत. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली, तर तेवढ्याच कामाला आणि तेवढ्याच फॅनला प्रोसेसरही साधारण १५ अंश जास्त तापतो.

दुसरी, थांबलेला फॅन सुरू करायला फिरता ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो. म्हणून फाइलमध्ये सुरू होण्याचा आणि थांबण्याचा आकडा वेगळा असतो. ते अंदाजाने टाकू नका, चाचणीत आलेलेच ठेवा.

तिसरी, काम वाढलं की तापमान थोडं वर जाऊन तिथेच स्थिरावतं. घाबरू नका. भार वाढला की वॅटचं इंजिनही किंचित कमी वेगावर स्थिरावायचं. या पद्धतीचा तो स्वभावच आहे.

लिनक्स नसेल तर मदरबोर्डच्या बायोसमध्येही फॅनची अशीच रेषा आखता येते.

शेवटची वर्षं

१८०० मध्ये पेटंट संपलं आणि वॅट धंद्यातून बाजूला झाला. त्या पेटंटमुळे इतरांची इंजिनं रखडली, असा आरोप त्याच्यावर आजही होतो आणि तो अगदीच खोटा म्हणता येत नाही. दुसऱ्या बायकोपासून झालेली मुलगी जेसी आणि मुलगा ग्रेगरी ही दोन्ही तरुणपणी गेली. म्हातारा वॅट घराच्या माळ्यावर पुतळ्यांची नक्कल करणारं यंत्र बनवत बसायचा. २५ ऑगस्ट १८१९ ला, ८३ व्या वर्षी तो गेला. त्याची ती माळ्यावरची खोली आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. शक्तीच्या एककाला त्याचं नाव द्यायचा प्रस्ताव १८८२ मध्ये आला.

आमच्या गावात बंद पडलेली कापसाची गिरणी आहे. लहानपणापासून तिच्यावरून जाताना मला ती फक्त जुनी इमारत वाटायची. आता वाटतं, त्या काळी अशा गिरण्यांत जिथे जिथे वाफेवर चाकं फिरली, तिथे कुठेतरी दोन गोळे शांतपणे वर-खाली होत असणार.

आणि हो, उन्हाळ्यात आई रात्री दोनदा उठून कूलर बंद-चालू करते. पहाटे गार झालं की बंद, उकडलं की चालू. आमच्या घरचा सगळ्यात जुना गव्हर्नर तीच. पुढचं काम त्या कूलरचं, म्हणजे तिची झोप तरी पूर्ण होईल.