मेरी क्युरी आणि ‘आतले रेडिएशन’

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तुम्हाला आतून रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी, सांगितली आहे का? तिचे मूळ मेरी क्युरी यांच्या कामात आहे. १८६७ साली वॉर्सात जन्मलेल्या मेरींनी पती पिएर यांच्यासह १८९८ मध्ये पॅरिसला रेडियम शोधले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. पुढे त्यांच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये गर्भाशयात आणि योनिमार्गात रेडियमच्या नळ्या ठेवून उपचार होऊ लागले. बायकांना सुमारे पाच दिवस तसेच पडून राहावे लागे!

आता मशीन बहुधा इरिडियमचा स्रोत काही मिनिटांसाठीच आत पाठवते. दोन सत्रांमध्ये ॲप्लिकेटर आतच ठेवायचा असेल तर ॲडमिट व्हावे लागते. लघवीची नळी असते, फारशी हालचाल करता येत नाही. पाठ दुखली तर सोसू नका, वेदनाशामक मागा. रेडिएशन चालू असताना खोलीत तुम्ही एकट्या असता, पण बाहेरून कॅमेऱ्यात तुमच्यावर लक्ष असते.

मेरी १९३४ मध्ये ॲप्लास्टिक ॲनिमियाने गेल्या, हे वाचून धसका घेऊ नका. त्यांनी वर्षानुवर्षे संरक्षणाशिवाय रेडियम हाताळले, त्याच्या नळ्या खिशात बाळगल्या. तुमच्या शरीरातून स्रोत मशीनमध्ये परत गेला की रेडिएशन उरत नाही. घरी आल्यावर नातवंडांना खुशाल जवळ घ्या.