गोलाचे माप घेणारे भास्कराचार्य

धान्याची रास पाहून तिच्यात किती माल असेल याचा अंदाज बांधणे, ही मोंढ्याच्या गावात वावरणाऱ्या आपणा धर्माबादकरांना नवी गोष्ट नाही. पण ह्या अंदाजामागेही गणित आहे. राशीच्या घेराचा सहावा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा व त्यास उंचीने गुणावे. घेर ६० हात व उंची ६ हात असेल, तर रास ६०० घनहात भरते. हा नियम ‘लीलावती’ ग्रंथात आहे आणि त्याचे कर्ते भास्कराचार्य आपल्याच मुलखातले होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, यावर विद्वानांत एकमत नाही. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी व त्यांचे गुरूही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची कन्या होती व तिचा विवाहमुहूर्त घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे चुकला, ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरामुळे पसरली. खुद्द ग्रंथात तिला आधार नाही.

त्यांचा खरा मोठेपणा एका वादात दिसतो. गोलाच्या पृष्ठफळाचा एक नियम लल्ल ह्या जुन्या आचार्यांच्या नावावर चालत आला होता. वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघाने गुणावे, असे तो सांगे. व्यास ७ धरला तर परिघ सुमारे २२, वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेअडतीस, आणि त्या नियमाने पृष्ठफळ येते ८४७! खरे उत्तर आहे १५४. भास्कराचार्यांना लल्लांविषयी आदर होता. पण म्हणून चूक त्यांनी झाकली नाही. आणि नुसते चूक म्हणून ते थांबले नाहीत, तर बरोबर काय ते त्यांनी करून दाखविले.

त्यांची रीत अशी. मातीचा किंवा लाकडाचा गोळा घ्यावा. त्याच्या माथ्यावर बिंदू करून, परिघाच्या शहाण्णवाव्या भागाएवढ्या, मग दुप्पट, तिप्पट अशा अंतरांनी चोवीस वर्तुळे काढावीत. अर्ध्या गोलावर बांगड्यांसारखी चोवीस कडी तयार होतात. एकेक कडे उलगडून सरळ केले की पट्टी होते. तिचे क्षेत्रफळ काढणे सोपे. सगळ्या पट्ट्यांची बेरीज दुप्पट केली, की गोलाचे पृष्ठफळ मिळते. ते परिघ गुणिले व्यास एवढे भरते.

घनफळासाठी त्यांनी गोलाच्या पृष्ठावर लहान लहान चौकोन कल्पिले. प्रत्येक चौकोनापासून केंद्रापर्यंत एक निमुळती सूची जाते. सूचीचे घनफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले तीन. सर्वांची उंची त्रिज्येएवढीच. म्हणून पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की झाले. वरच्या गोलाचे घनफळ १७९ पूर्णांक दोन-तृतीयांश येते.

वाकड्याचे बारीक तुकडे करून त्यांची बेरीज करायची, हाच आजच्या संकलन-गणिताचा गाभा. मात्र अभिमानाच्या भरात सत्य सोडू नये. ग्रीसच्या आर्किमिडीजने गोलाचे माप कितीतरी आधी सिद्ध केले होते. भास्कराचार्यांची कडी चोवीसच होती. तुकडे अनंत सूक्ष्म करण्याचा विचार केरळात सोळाव्या शतकातील ‘युक्तिभाषा’ ग्रंथात पुढे गेला, आणि सार्वत्रिक पद्धत सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निझ यांनी उभारली. तरीही शिष्याला समजावे म्हणून मातीचा गोळा हाती देणारा हा शिक्षक लहान ठरत नाही.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापला. १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. मठातील पाठ केव्हाच थांबला. लेख वाचून धन्यता मानायची, की तो पाठ आपल्या वर्गात पुन्हा सुरू करायचा, हे आपणच ठरवायचे आहे. त्यासाठी मातीचा एक गोळा पुरे!