जागा झाडणारा कीर्तनकार

कीर्तन म्हटले की देवळाचा सभामंडप, मृदंगाची साथ, पूर्वरंग आणि उत्तररंग असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. गाडगेबाबांच्या कीर्तनाला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. गावातील एखादी मोकळी जागा आणि हातातील खराटा एवढ्यावर त्यांचे काम भागे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले. दापुरे या आजोळी गुरे राखीत, शेतात राबत ते वाढले. शाळा त्यांना मिळाली नाही. मात्र सावकाराने मामांची जमीन कशी गिळली, हे त्यांनी जवळून पाहिले. १९०५ साली त्यांनी घर सोडले.

डोक्यावर मडक्याचे खापर आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र अशा वेशात ते गावात शिरत व कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. लोकांना हा कोणी वेडा वाटे. कुतूहलाने पोरे जमत, मग मोठी माणसे थांबत. संध्याकाळी दिवसभर झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन उभे राही. म्हणजे प्रयोगाचा आरंभ खरे तर सकाळीच झालेला असे! वऱ्हाडी बोलीत बाबा प्रश्न विचारीत आणि जमाव उत्तरे देई. कर्ज काढून केलेले लग्न, देवापुढे कापलेला बोकड, दारू, शिवाशिव या गोष्टी श्रोत्यांच्या घरातल्याच होत्या. उत्तर देता देता माणूस आपल्याच विरुद्ध साक्ष देऊन बसे. हसणारे एकाएकी गप्प होत.

पंढरपूरच्या वारीत मंदिरापेक्षा चंद्रभागेचे वाळवंट त्यांना जवळचे वाटे. देणगीच्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग धैर्याचा म्हणून नेहमी सांगितला जातो. घरी असलेल्या कुंताबाईंनी तो दिवस कसा काढला असेल, हा विचारही मनात आल्यावाचून राहत नाही.

असे कीर्तन जागेवरच जन्मे आणि तिथेच संपे. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांचे चरित्र लिहिले, तरी तो आवाज कागदावर उतरणे कठीणच होते. सुदैवाने एक कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले ते कीर्तन अखेरचे ठरले. पुढे सहाच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच बाबांनी देह ठेवला.