सोयाबीनचे तेल शिरेत नेणारा डॉक्टर

दसरा-दिवाळीच्या सुमारास नांदगाव खंडेश्वर तालुक्यात कोणत्याही रस्त्याने जा, एका अंगाला सोयाबीनच्या गंज्या आणि दुसऱ्या अंगाला फुटलेली पऱ्हाटी दिसते. या दोन्ही पिकांचे तेल माणसाच्या शिरेतून देऊन पाहिले गेले आहे. सरकीचे तेल नापास झाले, सोयाबीनचे टिकले. ते टिकवणारे डॉक्टर म्हणजे स्वीडनचे आर्विद व्रेटलिंड. शिरेतून संपूर्ण आहार देण्याच्या शास्त्राचे जनक म्हणून वैद्यकीय जगत त्यांना ओळखते.

व्रेटलिंड यांचा जन्म 1919 चा. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत त्यांनी काम केले. ज्याचे आतडे बंद पडले आहे, मोठे ऑपरेशन झाले आहे किंवा अंग भाजले आहे, असा रुग्ण पुष्कळदा मूळ आजाराइतकाच उपासमारीनेही खचतो. ही उपासमार थांबवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. 1940 च्या दशकात त्यांनी दुधातील केसीन हे प्रथिन विकरांनी फोडून, गाळून, शिरेतून देता येईल असे द्रावण बनवले. प्रथिनांची सोय झाली. ताकद कुठून आणायची, हा प्रश्न उरला.

आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाइन लावून द्या, असा आग्रह रोज होतो. म्हणून हा हिशेब सांगतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी, एका ज्वारीच्या भाकरीपेक्षाही कमी. साध्या सलाइनमध्ये तर तेवढ्याही नाहीत. खाटेवर पडलेल्या माणसाला दिवसाला दीड हजार कॅलरी अशा ग्लुकोजमधून द्यायच्या, तर सुमारे आठ लिटर पाणी अंगात सोडावे लागेल. ग्लुकोज घट्ट केले तर हाताची शीर सुजते. उरतो स्निग्ध पदार्थ. त्याच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात.

पण तेल आणि रक्त मिसळत नाही. रस्स्यावर तर्री तरंगते तसेच ते वेगळे होते आणि फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजवते. सतराव्या शतकात कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल सोडून पाहिले गेले, तेव्हा कुत्रा मेला. पुढे तेलाचे सूक्ष्म थेंब करून पाण्यात मिसळण्याचे प्रयत्न बऱ्याच देशांत झाले. अमेरिकेत 1950 च्या दशकाअखेरीस सरकीच्या तेलाचे असे औषध बाजारात आले. थंडी वाजून ताप, कावीळ, रक्तस्राव असे त्रास दिसू लागले आणि काही वर्षांतच ते मागे घ्यावे लागले.

व्रेटलिंड यांनी घाई केली नाही. निरनिराळी तेले आणि ती पाण्यात मिसळून ठेवणारे निरनिराळे पदार्थ यांच्या जोड्या त्यांनी कुत्र्यांवर कित्येक आठवडे तपासल्या. शेवटी शुद्ध केलेले सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड ही जोडी निर्धोक ठरली. सोबत थोडे ग्लिसरीन घातले की द्रावण रक्ताला सोसेल असे होते आणि हाताच्या साध्या शिरेतूनही चालते. यातले थेंब तांबड्या पेशीपेक्षा कितीतरी लहान असतात. जेवणानंतर आतड्यातून रक्तात येणाऱ्या चरबीच्या कणांशी त्यांचे साम्य आहे, म्हणून शरीर ते ओळखते आणि वापरते. सहकारी शूबर्थ यांच्यासोबत त्यांनी हे काम 1961 मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये इंट्रालिपिड वापरात आले.

माझ्या मते दोष एकट्या सरकीचा नव्हता. तेल किती शुद्ध आहे आणि ते कशाने मिसळले आहे, यावर सगळे अवलंबून असते. दुकानातल्या पुड्यावरचे रिफाइंड आणि हे रिफाइंड यांचा काही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो.

सरकीच्या अनुभवाने अमेरिका बिचकली होती. तिथे डड्रिक यांनी 1968 च्या सुमारास दुसरी वाट काढली: छातीतल्या मोठ्या शिरेतून घट्ट ग्लुकोज आणि प्रथिने. रुग्ण जगले, बाळे वाढली. मात्र स्निग्ध पदार्थाशिवाय महिनोन्‌महिने काढणाऱ्यांची त्वचा खवल्यांसारखी होऊ लागली, केस गळू लागले. शरीराला स्वतः बनवता न येणारे लिनोलेइक आम्ल त्यांना मिळत नव्हते. सोयाबीनच्या तेलात ते जवळपास निम्मे असते. अमेरिकेने 1975 मध्ये इंट्रालिपिडला मंजुरी दिली. व्रेटलिंड यांना नोबेल मिळाले नाही. 2002 मध्ये ते वारले.

आज अमरावती-नागपूरच्या अतिदक्षता विभागात पांढरी बाटली टांगलेली दिसली, की रुग्णाला दूध चढवत आहेत असे नातेवाइकांना वाटते. वीस टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये हजार कॅलरी असतात. ती सावकाश, रक्तातील चरबी तपासत द्यावी लागते. जंतूंनाही ती आवडते, म्हणून स्वच्छता काटेकोर हवी. आतडे चालू असेल तर नाकातल्या नळीने अन्न देणेच बरे. तान्ह्या बाळांना हे तेल फार दिवस दिले तर यकृताला त्रास होऊ शकतो, त्यामुळे आता मासळीचे, ऑलिव्हचे तेल मिसळलेली द्रावणेही वापरतात. भूल देताना वापरतात ते दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल इंजेक्शनही सोयाबीनच्या तेलात आणि अंड्याच्या फॉस्फोलिपिडमध्येच बनवलेले असते. सोयाबीन किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना जरूर सांगा.