परळचे पहिले अधिष्ठाता

डॉ. जीवराज मेहता म्हटले की गुजरातचे पहिले मुख्यमंत्री आठवतात. मुंबईकरांनी मात्र त्यांचे स्मरण परळच्या के.ई.एम. रुग्णालयासाठी करावयास हवे. अमरेलीच्या गरीब घरात १८८७ साली जन्मलेले जीवराजभाई मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. १९१४ मध्ये तेथे आजारी पडलेल्या गांधीजींवर त्यांनी उपचारही केले.

परंतु त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ अध्यापकपदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. एतद्देशीय डॉक्टराने विलायती पदव्या मिळवूनही त्याला ते दार जवळजवळ बंदच. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयास देणगी देताना अध्यापक सरकारी सेवेबाहेरचे हिंदी डॉक्टरच असावेत अशी अट घातली, ती या अन्यायापोटी. अशा अटीच्या महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाने सातव्या एडवर्डचे नाव मिरवावे, हा काळाचा विनोदच!

१९२६ मध्ये महापालिकेच्या छत्राखाली दोन्ही संस्था सुरू झाल्या. अधिष्ठाता जीवराजभाईच. संस्था फसती, तर दोष एका माणसाला लागला नसता. हिंदी डॉक्टर शिकविण्यास नालायक आहेत, असाच निवाडा झाला असता. गिरणगावातील रुग्णांच्या खाटांशेजारी विद्यार्थी घडू लागले आणि तो निवाडा देण्याची संधी कोणास मिळाली नाही.

१९४२ पर्यंत ते त्या पदावर होते. पुढील तुरुंगवास, मंत्रिपदे, लंडनमधील उच्चायुक्तपद हे सर्वश्रुत आहे. १९७८ साली ते निवर्तले, तेव्हा परळचे महाविद्यालय पन्नाशी ओलांडून गेले होते.