काउंट ओकुमा व त्यांजवरील बाँब

लोकनायकाच्या देहावर शस्त्र चालवून त्याच्या धोरणाचा निकाल लावतां येतो काय, हा प्रश्न प्रत्येक जागृत राष्ट्रापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतोच. जपानपुढें तो १८ ऑक्टोबर १८८९ रोजीं उभा राहिला. त्या दिवशीं परराष्ट्रमंत्री काउंट ओकुमा शिगेनोबु हे मंत्रिमंडळाच्या बैठकीहून परत येत असतां टोकियो शहरीं परराष्ट्रखात्याच्या दरवाजाशीं त्यांच्या गाडीवर बाँब पडला. ओकुमा वांचले, परंतु त्यांचा उजवा पाय कापावा लागला. पुढें ते बत्तीस वर्षें जगले व दोनदां मुख्य प्रधान झाले. या पुरुषाच्या चरित्रांत अनुकरणीय असें पुष्कळ आहे, आणि सावध करणारेंहि कांहीं आहे. दोहोंचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ओकुमा यांचा जन्म १८३८ सालीं क्यूशू बेटावरील सागा संस्थानांत एका सामुराई घराण्यांत झाला. वडील संस्थानच्या तोफखान्यावरील अधिकारी होते. ते मुलाच्या लहानपणींच वारले. संस्थानच्या शाळेंतील चिनी ग्रंथांच्या संकुचित शिक्षणाविरुद्ध ओकुमा यांनीं बंड केलें व त्यापायीं त्यांस शाळा सोडावी लागली. मग ते डच विद्येकडे वळले, आणि नागासाकी येथें व्हर्बेक नांवाच्या मिशनऱ्यापाशीं इंग्रजी शिकले. बायबलाचा नवा करार व अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा हे त्यांचे पाठ होते. १८६८ सालीं राज्यक्रांति होऊन बादशाही सत्ता पुनः स्थापन झाली, तेव्हां ब्रिटिश वकील सर हॅरी पार्क्स यांच्याशीं वादविवाद करून या तिशींतील तरुणानें नांव मिळविलें. पुढें खजिन्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. १८७१ सालीं सुरू झालेलें येन हें नाणें आणि १८७२ सालीं टोकियो व योकोहामा यांच्या दरम्यान धांवूं लागलेली आगगाडी, या दोहोंमागें त्यांचा मोठा हात होता.

परंतु रुळ आणि नाणें एवढ्यानें राष्ट्र स्वतंत्र होत नाहीं, हें ओकुमा जाणून होते. पार्लमेंट लवकर बोलवावें व बहुमताच्या पक्षानें इंग्लंडप्रमाणें राज्यकारभार चालवावा, असें स्पष्ट मत त्यांनीं १८८१ सालीं बादशहापुढें मांडलें. त्याच सुमारास होक्काइदो बेटावरील सरकारी मालमत्ता अल्प किंमतीस विकण्याचा बेत बाहेर येऊन देशांत गवगवा झाला, आणि ऑक्टोबर महिन्यांत ओकुमा यांस मंत्रिपदावरून दूर करण्यांत आलें. तथापि त्याच वेळीं १८९० सालीं पार्लमेंट देण्याचें वचन सरकारास द्यावें लागलें. ओकुमा स्वस्थ बसले नाहींत. पुढल्याच वर्षीं त्यांनीं दोन संस्था काढल्या : एक सुधारणावादी राजकीय पक्ष व दुसरी वासेदा येथील पाठशाला. उच्च शिक्षण परभाषेंतूनच द्यावयाचें, असा सरकारी विद्यापीठाचा परिपाठ असतां या पाठशालेनें कायदा व राज्यशास्त्र हे विषय स्वभाषेंतून शिकविले. तीच १९०२ सालीं वासेदा विद्यापीठ या नांवास चढली.

आतां ज्या प्रश्नापायीं त्यांनीं पाय गमावला त्याकडे वळूं. १८५८ सालच्या तहांनीं जपानचे हात दोन प्रकारें बांधले होते. परकी इसमानें जपानांत गुन्हा केला तर त्याचा न्याय त्याचा कॉन्सल करी, जपानी न्यायाधीश नव्हे. आणि आयात मालावरील जकात ठरविण्याची जपानास मोकळीक नव्हती. स्वतःच्या भूमीवर ज्याचा कायदा चालत नाहीं, त्या राष्ट्राचें स्वातंत्र्य अर्धेंच होय. हे तह बदलण्याचा इनोउए यांचा प्रयत्न १८८७ सालीं फसला, तेव्हां सरकारनें आपल्या विरोधकासच, म्हणजे ओकुमा यांस, १८८८ सालीं परराष्ट्रमंत्री केलें. सर्व राष्ट्रांशीं एकत्र न बोलतां त्यांनीं एकेकाशीं निरनिराळें बोलणें लाविलें. मेक्सिकोशीं समतेचा तह झाला. अमेरिका, जर्मनी व रशिया यांनींहि सह्या केल्या. परंतु एक सवलत द्यावी लागली : परकीयांच्या खटल्यांसाठीं वरिष्ठ न्यायालयांत कांहीं काळ परकी न्यायाधीश नेमावयाचे. एप्रिल १८८९ मध्यें लंडनच्या टाइम्स पत्रांत ही गोष्ट प्रसिद्ध झाली आणि जपानी वर्तमानपत्रांनीं ती देशभर पोहोंचविली. नवी राज्यघटना त्याच फेब्रुवारींत जाहीर झाली होती. सरकारी अधिकारपदांचा हक्क घटनेनें जपानी प्रजाजनांस दिला असतां परकीय मनुष्य न्यायासनावर कसा बसतो, असा आक्षेप निघाला. आमच्या मतें हा आक्षेप सबळ होता. सभा भरल्या, अर्ज गेले, मंत्रिमंडळांत फूट पडली, आणि घटनेचे कर्ते इतो यांनींहि राजीनामा दिला. हें सर्व बाँब पडण्यापूर्वीं घडलें, हें वाचकांनीं विसरूं नये.

बाँब टाकणारा कुरुशिमा त्सुनेकी हा फुकुओका येथील गेन्योशा या उग्र राष्ट्रवादी मंडळीपैकीं होता. हल्ला होतांच त्यानें जागच्या जागीं स्वतःचा गळा कापून घेतला. थोड्याच दिवसांत कुरोदा यांचें मंत्रिमंडळ गेलें व तहाचीं बोलणीं थांबलीं. वरवर पाहणारा म्हणेल कीं, बाँबनें काम केलें. परंतु जो वाद कायद्याच्या आधारावर जिंकला जात होता, त्याचें श्रेय बाँबनें विरोधकांच्या हातून हिरावून घेतलें. तहांतील एकहि जाचक कलम त्यानें कमी झालें नाहीं. तें काम मुत्सु यांनीं १८९४ सालीं इंग्लंडशीं बोलणें करून साधलें. परकी न्यायसत्ता १८९९ सालीं संपली, आणि जकातीचें पूर्ण स्वातंत्र्य १९११ सालीं आलें. कागद, शाई आणि चिकाटी यांचाच हा विजय होय.

आणि ओकुमा? पाय गेला म्हणून ते राजकारणांतून उठले नाहींत, कीं सूडबुद्धीनें दडपशाहीचे पुरस्कर्ते झाले नाहींत. १८९८ सालीं जपानचें पहिलें पक्षीय मंत्रिमंडळ त्यांनीं बनविलें. त्यांचे प्रमुख सहकारी इतागाकि यांच्यावरहि १८८२ सालीं गिफू येथें खंजिराचा वार झाला होता. मारेकऱ्यांच्या हातून वांचलेल्या या दोघांनीं लोकसत्तेचें पहिलें पाऊल टाकावें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मंत्रिमंडळ चार महिनेच टिकलें. पायंडा मात्र पडला. १९०१ सालीं टोकियोंत स्त्रियांसाठीं विद्यापीठ निघालें, त्याच्या स्थापनेसाठीं ओकुमा झटले होते. याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून धोंडो केशव कर्वे यांस स्फूर्ति झाली आणि १९१६ सालीं पुण्यास महिला विद्यापीठ निघालें. तेव्हां महाराष्ट्रहि या लंगड्या मुत्सद्द्याच्या कार्याचा दूरचा ऋणी आहे.

त्यांच्या चरित्रावर डाग नाहीं असें नव्हे. १९१५ सालीं त्यांच्याच मंत्रिमंडळानें चीनपुढें एकवीस मागण्या ठेविल्या. विषम तहांचा जाच ज्यानें जन्मभर सोसला, त्यानेंच दुबळ्या शेजाऱ्यावर तसला जाच लादावा, याचें समर्थन राष्ट्रवादी म्हणविणाऱ्या कोणासहि करतां येणार नाहीं. १० जानेवारी १९२२ रोजीं ते वारले, तेव्हां हिबिया उद्यानांत अंत्यदर्शनास लाखों लोक लोटले.

परंतु याहून गंभीर विचार निराळाच आहे. ओकुमा यांनीं कुरुशिमाविषयीं द्वेष बाळगला नाहीं, एवढेंच नव्हे तर त्याच्या धैर्याची वाखाणणीहि केली. त्यांच्या मनाचा मोठेपणा यांत दिसतो. परंतु क्षमा व गौरव यांत भेद आहे. जखमी मनुष्यास क्षमेचा अधिकार आहे. मारेकऱ्यास देशभक्त ठरविण्याचा अधिकार समाजास नाहीं. जपानी समाजानें हा भेद पाळला नाहीं. १९२१ सालीं हारा यांचा खून झाला; हामागुचि यांस १९३० सालीं गोळी लागली व तीपायीं पुढल्या वर्षीं ते वारले. १५ मे १९३२ रोजीं मुख्य प्रधान इनुकाई यांस तरुण सैनिकी अधिकाऱ्यांनीं घरांत शिरून ठार केलें. हे इनुकाई १८८२ पासूनचे ओकुमा यांचे पक्षबंधु. खटल्याच्या वेळीं मारेकऱ्यांवर दया करावी म्हणून अर्जांचा पाऊस पडला, आणि एकासहि देहांत शिक्षा झाली नाहीं. ओकुमा यांनीं पाया घातलेली पक्षीय राज्यपद्धति त्या दिवशीं बुडाली. महायुद्धांत देश बेचिराख झाल्यावरच ती परत आली.

हा बोध जपानपुरता नाहीं. २५ जून १९३४ रोजीं पुण्यांत गांधीजींच्या रोखानें बाँब फेंकण्यांत आला व ते वांचले. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत ते वांचले नाहींत. मारेकऱ्याचा हेतु शुद्ध होता असें म्हणणारे त्या वेळींहि निघाले. त्यांनीं जपानचा इतिहास उघडून पाहावा. हेतूची शुद्धता कृत्याचा दोष धुऊन काढीत नाहीं. ज्या समाजांत मारेकऱ्याचे पोवाडे गाइले जातात, त्या समाजांत पुढें वाद करण्यास कोणी धजत नाहीं. आणि वाद संपला कीं स्वराज्यहि संपतें.