चिक चॉकलेट : सूर घरोघरी पोहोचला, नाव मात्र मागे राहिलं

आळंदीत लग्नसराई लागली की कार्यालयांच्या रस्त्यावर एकामागून एक वराती निघतात. बँडवाला ट्रंपेटवर जुनं हिंदी गाणं धरतो आणि पोरं नाचायला लागतात. नवरदेवाचं नाव कमानीवर असतं, कार्यालयाचं नाव पाटीवर असतं. ट्रंपेट वाजवणाऱ्याचं नाव मात्र कुणीच विचारत नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं. म्हणूनच एका ट्रंपेटवाल्याची गोष्ट आज सांगावीशी वाटते. त्यांचे सूर आपल्या सगळ्यांच्या कानांत आहेत, पण नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

अंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातल्या हळदोणे गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. गावात पोट भरण्याजोगं काम नव्हतं, पण ही विद्या पदरात होती. तिच्या जोरावर गोव्याची कितीतरी पोरं मुंबई गाठत, धोबी तलावच्या कुडांमध्ये पथारी टाकत आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत कामाला लागत. वाझही याच वाटेने गेले आणि पुढे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्या काळात मुंबईत जॅझ नवा होता. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं संगीत. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या, तरीही माणूस म्हणून नाकारल्या गेलेल्या समाजाने ते उभं केलं. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हे कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही मुंबई गाजवली. गोव्याची पोरं या माणसांकडून जॅझ शिकली. चिक यांचं दैवत होतं लुई आर्मस्ट्राँग. त्यांच्या ढंगात ते असे वाजवत आणि गात की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४० च्या दशकात ताजमध्ये त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजू लागला.

स्वातंत्र्यानंतर दिवस पालटले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि रात्रीच्या मैफली ओसरत गेल्या. तेव्हा बरेच जॅझवादक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. चिक यांची जोडी जमली ती पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्याशी. गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या भगवानदादांचा ‘अलबेला’ १९५१ मध्ये आला आणि त्याच्या गाण्यांनी देश नाचवला. त्या चित्रपटात चिक आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात.

आता कामाची वाटणी बघा. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा. मग अॅरेंजर बसायचा. चाल स्वरलिपीत उतरवायची, सुरुवातीचा आणि कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा रचायचा, ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन यांच्या वेगवेगळ्या ओळी लिहायच्या, कोण कुठे उठेल आणि कोण थांबेल हे ठरवायचं. चाल तीच, पण गाण्याला अंगकाठी मिळायची ती इथे. एवढं करून अॅरेंजरची ओळख काय, तर ‘सहायक’. साध्या वादकाला तर तेवढंही नाही. त्या दिवसाची मजुरी घ्यायची आणि घरी जायचं. दोष एखाद्या माणसाचा नव्हता, पद्धतच तशी होती.

चिक यांनी स्वतंत्र संगीतही दिलं. देव आनंद आणि मधुबाला यांच्या ‘नादान’ (१९५१) चं संगीत त्यांचंच. पण संगीतकार म्हणून ते फार चित्रपटांत दिसले नाहीत. १९६६ च्या ‘आखरी खत’मधल्या क्लबच्या प्रसंगात ट्रंपेट हाती घेतलेले चिक आजही बघायला मिळतात. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली असताना ते गेले.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा शेजारीच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं, ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. त्याच समाजाचं संगीत गोव्याच्या एका पोराच्या ट्रंपेटमधून आपल्या वरातीपर्यंत पोहोचलं आहे.

आणि नाव पुसलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हलगी, सनई, ढोलकी पिढ्यान्‌पिढ्या कुणी वाजवली? मान कुणाला मिळाला? पण मग आपल्याच भीमगीतांच्या कार्यक्रमांचे फलक बघा. गायकाचा मोठा फोटो, पाहुण्यांच्या फोटोंची रांग, आणि ढोलकीवाला, कीबोर्डवाला, संगीत संयोजक गायब. दुसऱ्यांनी आपलं नाव गाळलं तर आपण जाब विचारतो. मग आपल्या मंचावर आपणच नावं का गाळतो?

येत्या जयंतीच्या फलकावर प्रत्येक वादकाचं नाव छापूया. त्यासाठी चार ओळी जास्त लागतील, एवढंच. पाहुण्यांचे फोटो थोडे लहान करता येतील.